आयच्या आल्तारावरचा सातवा भाग

तुळिंजच्या आमच्या खोलीत तीन लोखंडी कपाटं आहेत आणि तिन्हींत कपडे नाहीत. पुस्तकं आहेत. रशियाचा जुना इतिहास, झारच्या काळात छापलेला, चामड्याच्या पाठीचा, एकेक भाग विटेएवढा जड. घरी पहिल्यांदा येणारा माणूस विचारतो, "बाबा, तुम्हाला रशियन येतं?" मी सांगतो, नाही येत. मग तो हसतो. मग मी त्याला चहा विचारायचं विसरतो.

मी चौथी पास. त्यापुढची शाळा गावात नव्हती आणि मिठागरात हात कमी पडत होते. पुढे मुंबईच्या बंदराजवळ एका गोदामात पॅकर म्हणून लागलो. तिथे परदेशी पुस्तकांच्या पेट्या यायच्या. पेट्यांवर काळ्या शाईने रशियन अक्षरं मारलेली असायची. पेटी उलटी ठेवली की साहेब ओरडायचा, म्हणून मी ती अक्षरं ओळखायला शिकलो. नंतर रद्दीत एक छोटा शब्दकोश मिळाला. राजा, शहर, नदी, वर्ष, लढाई, एवढे शब्द मला कळतात. वाक्य कळत नाही. पण अक्षराला अक्षर लावून मोठ्याने म्हणता येतं.

गोदामाच्या वरच्या खोलीत कुणा परदेशी माणसाचं जुनं ग्रंथालय पडून होतं. तो मेला की देशाला परत गेला, ते आम्हाला कधी कळलं नाही. गोदाम बंद व्हायच्या वेळी साहेब म्हणाला, ज्याला जे हवं ते उचला, बाकीचं रद्दीत जाईल. सगळे तुटून पडले. मी खालचा माल बांधत होतो, वर पोचलो तोवर निम्मं उचललं गेलं होतं. एका इतिहासाचे चार भाग माझ्या हाती लागले. पाठीवर रोमन आकडे, आत जांभळा लांबट गोल शिक्का. शेवटच्या भागावर अकराचा आकडा होता. म्हणजे अकरा भागांचं काम, आणि माझ्याकडे चार.

तिथून हे सुरू झालं. पुढे दुसरेही इतिहास आले, मुंबईच्या फुटपाथवरून, बंद पडलेल्या वाचनालयांतून, एका मेलेल्या प्राध्यापकाच्या माळ्यावरून. पण जीव अडकला तो त्या अकरा भागांत. गोदामातली माणसं कुठे कुठे राहतात ते शोधत मी फिरलो. एक भाग विरारला वॉचमनच्या खाटेच्या पायाखाली होता, खाट डुगडुगते म्हणून. मी स्वतः खाट उचलली, खाली वीट सरकवली आणि पुस्तक काढून घेतलं. एक नालासोपाऱ्यात भजीवाल्याकडे होता. पहिली काही पानं तेलकट होऊन लोकांच्या हातात गेली होती. बाकीचा भाग मी त्याच्याकडून जवळजवळ भांडून घेतला. भाईंदरच्या एका हमालाच्या बायकोने दोन भाग पापड दाबायला ठेवले होते. ती म्हणाली, "इतकं सपाट वजन दुसरं मिळत नाही हो." मी तिला पाटा आणून दिला.

बायको म्हणायची, "वाचता येत नाय त्याचा सोस कशाला?" मी तिला सांगायचो, कुणीतरी आख्खा जन्म टेबलाशी बसून हे लिहिलं असेल. अकरा भाग झाले. आणि त्यातला एक वडे बांधायला जातो. मला नाही सहन होत. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही आणि मला ते लागतही नाही.

आणखी दोन रद्दीवाल्यांच्या पोत्यांत सापडले आणि दहा भाग झाले. सातवा मिळेना.

या सगळ्या फिरण्यात माझ्याबरोबर एकच माणूस असायचा, माझा शाळासोबती. तो राजोडीच्या बाजूचा, ख्रिस्ती घरातला. आमची मिठागरं आणि त्यांच्या केळीच्या वाड्या यांच्या मध्ये फक्त एक बांध. आम्ही एकाच फळ्यासमोर बसलो आणि नंतर एकाच गोदामात लागलो. त्याच्या आईला तो आय म्हणायचा, म्हणून मीही आय म्हणायचो. माझी आई लवकर गेली. नंतर कितीतरी दुपारी आयने आपल्या पोरांच्या रांगेत मलाही बसवलं, तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं. तिने कधी विचारलं नाही की तू जेवलास का. ताट सरळ पुढे यायचं.

गेल्या नाताळानंतर आय वाडीत पाय घसरून पडली आणि परत उठली नाही. वय नव्वदीच्या पुढे. मी भेटायला गेलो तेव्हा संध्याकाळ होती आणि घरात तेर्स चालला होता, म्हणजे त्यांची माळेची प्रार्थना. भिंतीशी त्यांचा आल्तार. त्यावर क्रूस, मारियेची मूर्ती, मेणबत्त्या आणि विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली झाकलेलं काहीतरी. ते झाकलेलं मी लहानपणापासून नसलं तरी तरुणपणापासून बघत आलो होतो. धर्माची वस्तू आहे, आपण विचारू नये, असं समजून कधी विचारलं नव्हतं.

प्रार्थना संपली. आय म्हणाली, "माझं पुस्तक द्या." सुनेने रुमाल काढला आणि पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तपकिरी चामडं. पाठीवर सोनेरी आकडा. आयने पहिलं पान उघडलं, तिथे दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं, डोक्याभोवती तेजाचं वलय, हातात छोटं चर्च. समोरच्या पानावर जांभळा शिक्का.

मी शाळासोबत्याकडे बघितलं. तो मेणबत्तीची वात नीट करत होता. वात आधीच नीट होती.

मी त्याला बाहेर वाडीत घेऊन गेलो.

"किती वर्षं झाली रे?"

"गोदाम बंद झालं तेव्हापासून."

"आणि माझ्याबरोबर भाईंदरला आलास? विरारला आलास? रद्दीवाल्यांच्या पोत्यांत माझ्याबरोबर हात घातलेस?"

"तू एकटा कसा जाणार, म्हणून आलो."

"सातवा मिळत नाही म्हणून मी रडायचा बाकी होतो. तेव्हा काय म्हणालास? म्हणालास, मिळेल रे, कुठे जाणार आहे."

"मग? गेलं का कुठे?"

मी हात उगारला होता. तो तसाच उभा राहिला, म्हणून मला मारता आलं नाही.

मग त्याने सांगितलं. त्या दिवशी गोदामात त्याने ते चित्र पाहिलं. संत दिसला, म्हणून आयसाठी उचललं. घरी आल्यावर आयने विचारलं, काय आहे? तो म्हणाला, देवाचं पुस्तक आहे, लांबच्या देशातलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझे चार भाग दाखवले, तेव्हा त्याला कळलं की आपण काय आणलं. पण तोवर आयने रुमाल विणायला घेतला होता.

"एका दिवसाचा तर प्रश्न होता," मी म्हणालो. "परत घ्यायचं होतं."

"तू आयला ओळखतोस ना? तिने शेजारच्या बायका बोलावून दाखवलं होतं. मग माझं लग्न झालं, आम्ही दोघांनी त्यावर हात ठेवला. पोराचं झालं, त्याने ठेवला. नातवाला शाळेत घातलं, त्याने ठेवला. आता तिला काय सांगू? सगळं घर रशियाच्या लढायांवर हात ठेवून उभं आहे म्हणून?"

"मला माझा सातवा पाहिजे."

"आय असेपर्यंत थांब," तो म्हणाला. "मग तुझाच. शब्द देतो."

मी हो म्हणालो. रागात म्हणालो, पण म्हणालो. घरी येताना रिक्षात माझ्या ध्यानात आलं की आपण कशाला हो म्हणून आलो. आयच्या जाण्याची वाट बघायला.

त्यानंतर मी तिकडे जास्तच जाऊ लागलो. आधी महिनोन्‌महिने न जाणारा मी दर आठवड्याला आयच्या खाटेशी बसायचो. तिच्यासाठीच जात होतो, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण माझे डोळे आल्ताराकडे जायचे, आणि ते एका माणसाने बरोबर हेरलं होतं. शाळासोबत्याच्या बायकोने.

"भावोजी," ती एकदा म्हणाली, हातातलं सूप न थांबवता, "आयला बघायला येता की आल्तार बघायला?"

"दोघांना."

"मग बरं. आल्तार कुठे जात नाही. घाई करू नका."

तिला वाटत होतं, मी जुनं पुस्तक विकायला नेणार. तिला खरं सांगावं असं पुष्कळदा मनात आलं. पण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. मी लोकांकडून नावं ठेवून घेतलेली आहेत, ती मला लागत नाहीत. हे मात्र लागलं, कारण ती अर्धी बरोबर होती.

घरी बायकोही गप्प बसली नाही. "तुमी तिथं कशाला जाता ते मला कलत नाय असं समजू नका. कोनाच्या मरनावर डोला ठेवून बसू नये. पानी प्या नि घरी बसा." मी पाणी प्यायलो आणि पुढच्या आठवड्यात परत गेलो.

आमच्या घरच्या बोलीपेक्षा आयची बोली वेगळी. ती मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, म्हणून तिचं बोलणं माझ्या मराठीत लिहितो. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मुलगा औषध आणायला गेला होता, सून वाडीत केळीचा घड उतरवून घेत होती. आय म्हणाली, "तुला येतात ना ही अक्षरं? मुलगा सांगत होता."

"अक्षरं येतात, आय. अर्थ येत नाही."

"माझ्या पोरांना अक्षरंही येत नाहीत. इतकी वर्षं झाली, या घरात हे कुणी वाचलेलं नाही. वाच."

मी म्हणालो, "मला जमणार नाही."

"चारदा जेवलास की नाही माझ्याकडे?"

असं म्हटल्यावर काय करणार? मी आल्तारावरून पुस्तक उतरवलं. चाळीस वर्षं जे शोधलं ते पहिल्यांदा हातात आलं आणि मला ते नीट बघताही येईना. मधलं एक पान उघडलं. अक्षराला अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागलो. पॅकरच्या घशातून कसं निघालं असेल ते निघालं. राजा हा शब्द आला, मला कळला. नदी आली. लढाई एकाच पानावर कितीदा आली. कुणाचं शहर जळत होतं, कोण कुणाला मारत होतं, कोण जाणे. आयने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. मी पानाच्या शेवटी थांबलो.

"आमेन," आय म्हणाली, आणि कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला.

मी पान उलटलं नाही. खोटं बोलल्यासारखं वाटलं, आणि एकही शब्द माझ्या पदरचा नव्हता. जे छापलं होतं तेच वाचलं होतं.

"गोड आहे," आय म्हणाली. "आता एक ऐक. मुलाला सांगितलं की तो मान खाली घालतो, सुनेला सांगितलं की ती रडते. तुला सांगते. मी मेले की हे माझ्याबरोबर पेटीत ठेवायचं. मी तिथे गेल्यावर त्याला विचारणार आहे, यात काय लिहिलंय."

कुणाला विचारणार ते तिने वर बोट करून दाखवलं.

मी म्हणालो, "बघू, आय."

"बघू नाही. हो म्हण."

तेवढ्यात सून केळी घेऊन आत आली आणि माझ्या हातात पुस्तक बघून उंबऱ्यावरच उभी राहिली. मी ते जागेवर ठेवलं, रुमाल घातला आणि निघालो. हो म्हणायचं राहिलं. राहिलं म्हणतो, पण मीच राहू दिलं.

पुढच्या आठवड्यात मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माझी दहा पुस्तकं कपाटातून काढून पुसली, परत ठेवली. दहाव्या शेजारी अकरावा, सहाव्या शेजारी आठवा. मी स्वतःशी हिशेब मांडत होतो की म्हाताऱ्या माणसाला शेवटी काय बोललो ते आठवत नसतं, तीही विसरली असेल, आणि तिने दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. हे विचार माझ्याच डोक्यात आले. ते बाहेरून कुणी आणून घातले नव्हते.

मग एका सकाळी शाळासोबत्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "ये."

घरात माणसं होती, बाहेर मांडवात खुर्च्या होत्या, गल्लीत गाड्या. पेटी मधल्या खोलीत. आयला तिची लाल काठाची साडी नेसवली होती आणि बोटांत माळ गुंफली होती. मी पायाशी उभा राहिलो. शाळासोबती मला बघून उठला, मागच्या खोलीत गेला आणि रुमालात बांधलेलं पुस्तक घेऊन आला. माणसांच्या देखत माझ्या हातात दिलं.

"घे. शब्द दिला होता."

"आत्ता?" त्याची बायको म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "तिला अजून घराबाहेर नेलं नाही. आत्ताच दिलंत? एवढीही कळ निघाली नाही भावोजींना?"

"मी मागितलं नाही," मी म्हणालो.

"तुम्ही कधीच मागत नाही. नुसतं बघत बसता."

पुस्तक जड होतं. माझ्या बाकीच्या दहांएवढंच जड. रुमालातून चामड्याचा वास येत होता आणि त्यात मेणबत्तीचा मिसळला होता. मला एवढंच करायचं होतं की पिशवीत घालायचं आणि गप्प उभं राहायचं. ती बाई मला जन्मभर लोभी म्हणाली असती, तेही मी सोसलं असतं. मी स्पष्ट सांगतो, मी ते घेणार होतो. पिशवी मी बरोबर आणली होती. हे लिहायला नको होतं, पण पिशवी आणली होती हे खरं आहे.

मी रुमाल सोडला आणि म्हणालो, "हे पेटीत ठेवायचं. आयने मला सांगितलंय."

शाळासोबती माझ्याकडे बघतच राहिला. "कधी?"

"मी तिला वाचून दाखवलं त्या दिवशी."

"मग आधी का नाही बोललास?"

त्याच्या बायकोने पुढे होऊन आयच्या कोपराखालची चादर सारखी केली, म्हणजे पुस्तकाला जागा होईल. मीच ठेवलं. फादर आले तेव्हा त्यांची नजर एवढ्या मोठ्या पुस्तकावर गेली. त्यांनी विचारलं, "हे कोणतं?" सगळ्या घराने माझ्याकडे बघितलं, कारण त्यातली अक्षरं मला येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आयचं पुस्तक, फादर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. झाकण बसवलं.

चर्चपासून दफनभूमी जवळ आहे. मी चालत गेलो. समुद्र तिथून लांब नाही, आणि मिठागरवाल्याला जमिनीकडे बघून पाणी किती खाली आहे ते कळतं. खड्ड्याच्या तळाची माती ओली होती. दोरांवरून पेटी खाली गेली. माझ्याच्याने माती टाकवली नाही. लोकांना वाटलं, म्हातारा फार हळवा झालाय. मी हळवा झालो नव्हतो. मला ओरडून सांगायचं होतं की थांबा.

परत येताना जो तो पाठीवर हात ठेवून म्हणाला, बरं केलंत. घरी आल्यावर बायकोही म्हणाली. मला त्या शब्दाचा राग येतो. ज्यांना त्या पुस्तकाची किंमत माहीत नाही त्यांना बरं म्हणायला काय लागतं? मला बरं वाटलं नाही, अजून वाटत नाही. शंभरावर वर्षं जे वाळवीतून, भजीवाल्यांतून, गोदामाच्या गळतीतून वाचलं, ते मी माझ्या हाताने ओल्या मातीत घातलं. आणि नसतं घातलं तर? तर मी रोज कपाट उघडलं असतं आणि सातव्याला हात लावायला धजलो नसतो. हेही मला माहीत आहे. दोन्ही माहीत असणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी गेलो. जेवणं झाल्यावर शाळासोबती आणि मी वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर बसलो.

मग तो म्हणाला, "आमच्या दफनभूमीत जागा कमी पडते, ठाऊक आहे ना तुला? घरची कबर एकच. पुढचा गेला की तीच उघडतात. आधीच्याची हाडं गोळा करून एका बाजूला ठेवतात."

"ठाऊक आहे."

"पुढचा नंबर माझा. पोराला सांगून ठेवलंय. कबर उघडली आणि पुस्तक दिसलं, तर काकाला द्यायचं. आयचं तोवर विचारून झालं असेल."

"तोवर त्याचा चिखल होईल."

"मग चिखल देईल. आठव्याच्या अलीकडे ठेव."

मी त्याला दोन शिव्या घातल्या. म्हणालो, असलं अभद्र बोलायला लाज वाटत नाही, आधी स्वतःची साखर तपासून घे. तो हसला आणि आत गेला चहाचं सांगायला. मी कठड्यावर बसून राहिलो. एकदा कुणाच्या जाण्याची वाट बघून झाली होती, ते कसं असतं हे मला पुरतं कळलेलं होतं. त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की पोराला असलं काही सांगू नकोस, मला नको ते पुस्तक. चहा आला, तो प्यालो, निघताना त्याच्या पोराने रिक्षापर्यंत पिशवी आणून दिली, आणि तरी मी नको म्हणालो नाही.